ड्रायव्हरविना गाडी जागेवर कशी लागते?
(परिसरातील विज्ञान : ध्वनी, वर्तुळ आणि थोडं गणित)



मागच्या महिन्यात पाचवीतल्या एका मुलानं वर्गात प्रश्न विचारला. त्याचा मामा चाकणला कंपनीत आहे. मामानं फोनवर एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात एक माणूस गाडीबाहेर उभा राहून चावीचं बटण दाबतो आणि गाडी आपोआप मागे मागे येत दोन गाड्यांच्या मधे जाऊन थांबते. मुलानं विचारलं, "मॅडम, आत कुणीच नव्हतं. मग गाडीला मागची गाडी दिसली कशी?"

प्रश्न फार चांगला आहे, नाही का? मी त्याला म्हटलं, दोन दिवस दे, नीट वाचून सांगते. वाचायला बसले तेव्हा लक्षात आलं, की यातली बहुतेक गोष्ट आपण शाळेत शिकवतोच. प्रतिध्वनी, कंपासनं काढलेले कंस, वेग-वेळ-अंतर, वर्तुळ. फक्त गाडी हे सगळं एकाच वेळी करते. चला तर मग, एकेक करून बघू.

१. गाडीचे कान

नव्या गाडीच्या मागच्या बंपरवर नीट बघा. रुपयाच्या नाण्याएवढ्या गोल चकत्या दिसतील. त्या शोभेच्या नाहीत. ते आहेत सेन्सर. १ जुलै २०१९ पासून आपल्या देशात तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या कारला मागे असे सेन्सर असणं सक्तीचं आहे. म्हणून गाडी रिव्हर्स घेताना "टूं टूं टूं" वाजतं.

ही चकती बोलते आणि ऐकतेही. तिला वीज दिली की ती थरथरते आणि आवाज सोडते. हा आवाज एका सेकंदात चाळीस हजारांहून जास्त कंपनांचा असतो. माणसाचा कान साधारण वीस हजार कंपनांपर्यंतच ऐकतो, म्हणून तो आपल्याला ऐकू येत नाही. याला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. (आपल्याला ऐकू येतं ते "टूं टूं" गाडीतल्या स्पीकरचं. तो वेगळा.) आवाज मागच्या भिंतीवर आपटतो आणि परत येतो. परत आलेल्या आवाजानं चकती पुन्हा थरथरते आणि त्या थरथरीची वीज होते. दाब दिला की वीज निर्माण होणाऱ्या स्फटिकांचा हा गुण झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये शोधला होता.

आता गणित. २० अंश तापमानाला आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समजा, सोडलेला आवाज ६ मिलिसेकंदांनी, म्हणजे ०.००६ सेकंदांनी परत आला.

एकूण अंतर = ३४३ × ०.००६ = २.०५८ मीटर
जाऊन येऊन म्हणजे दुप्पट, म्हणून निम्मं करा = सुमारे १.०३ मीटर

झालं! भिंत एक मीटरवर आहे. नववीच्या पुस्तकात प्रतिध्वनीचं गणित येतं, ते हेच. फरक इतकाच, की आपल्या कानाला मूळ आवाज आणि प्रतिध्वनी वेगळे ऐकू यायला भिंत १७ मीटर लांब लागते आणि गाडीच्या कानाला वीस-पंचवीस सेंटिमीटर पुरतात.

त्याहून जवळचं मात्र तिलाही नीट मोजता येत नाही. का? शाळेची घंटा वाजवा आणि लगेच तिला हात लावा. ती अजून थरथरतच असते. तसंच चकतीचं. स्वतःची थरथर थांबायला तिला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. तेवढ्यात जवळचा प्रतिध्वनी येऊन गेलेला असतो. म्हणून वस्तू फार जवळ आली की गाडी आकडा सांगायचं सोडून सलग "टूंऽऽऽ" वाजवते.

मुलांना वटवाघळाचं उदाहरण जरूर सांगा, पण एक काळजी घ्या. वडा-पिंपळावर उलटी लटकणारी मोठी, फळं खाणारी वटवाघळं डोळ्यांनी बघतात. प्रतिध्वनीवर चालतात ती जुन्या वाड्यांत, देवळांत राहणारी छोटी, किडे खाणारी वटवाघळं. इटलीतल्या स्पालान्झानी यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी दाखवून दिलं होतं, की डोळे निकामी झाले तरी वटवाघूळ अडत नाही. पण ते आवाजावर चालतं, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

२. आपल्या परभणीचं ऊन आणि गाडीचं गणित

वर आपण २० अंश धरले. पण परभणीच्या उन्हाळ्यात पारा ४३ च्या पुढे जातो आणि थंडीत पहाटे १० च्या खाली येतो. याचा काय संबंध?

संबंध आहे. हवा तापली की आवाज जास्त वेगानं जातो. दर अंशाला साधारण ०.६ मीटर.

• १० अंशांना : सेकंदाला सुमारे ३३७ मीटर
• ४३ अंशांना : सेकंदाला सुमारे ३५७ मीटर

गाडीनं मे महिन्यात डिसेंबरचा वेग धरला, तर एक मीटरवरची भिंत तिला ९४ सेंटिमीटरवर वाटेल. सहा सेंटिमीटरची चूक! म्हणून गाडीला बाहेरचं तापमान मोजणारा छोटा तापमापक असतो आणि त्यानुसार गणित बदलतं.

३. एक कान अंतर सांगतो, दोन कान जागा सांगतात

एका सेन्सरला फक्त "एक मीटरवर काहीतरी आहे" एवढंच कळतं. डावीकडे की उजवीकडे, ते कळत नाही. मग?

कंपास घ्या. वहीवर दहा सेंटिमीटर अंतरावर दोन बिंदू काढा. पहिल्या बिंदूपासून ८ सेंटिमीटरचा कंस काढा, दुसऱ्यापासून ७ चा. कंस जिथे एकमेकांना छेदतात, तिथे वस्तू आहे. (कंस मागच्या बाजूलाही छेदतील, पण ती बाजू गाडीच्या आतली, म्हणून सोडून द्यायची.) त्रिकोणाच्या तीन बाजू दिल्या की आपण जो त्रिकोण काढतो, तोच हा.

नुसत्या सूचना देणाऱ्या गाडीला मागे तीन-चार सेन्सर असले तरी भागतं. स्वतः लागणाऱ्या गाडीला साधारण बारा लागतात. सहा पुढे, सहा मागे. त्यातले चार कोपऱ्यांवर, बाजूला तोंड करून.

४. जागा शोधणं

आता गाडी रस्त्यानं हळूहळू पुढे चालली आहे. डाव्या हाताला ओळीनं गाड्या लागल्यात. बाजूचा सेन्सर सारखा मोजतोय : १ मीटर, १ मीटर, १ मीटर... एकदम ३ मीटर, ३ मीटर, ३ मीटर... पुन्हा १ मीटर. म्हणजे मधे खाच आहे, रिकामी जागा आहे.

पण ती लांबीला किती? त्यासाठी चाक कामाला येतं. चाकाजवळ एक दातेरी कडं किंवा चुंबकाच्या पट्ट्यांचं कडं असतं. ब्रेकच्या एबीएस यंत्रणेसाठी ते असतंच. चाक फिरलं की दाते मोजले जातात. समजा, चाकाचा परीघ १९२ सेंटिमीटर आहे आणि दाते ४८ आहेत. मग एक दाता म्हणजे १९२ ÷ ४८ = ४ सेंटिमीटर. खाच सुरू झाल्यापासून संपेपर्यंत १३० दाते गेले, तर जागा १३० × ४ = ५२० सेंटिमीटर. गाडी चार मीटरच्या आतली असेल, तर एवढी जागा पुरते. तेव्हा पडद्यावर येतं, की जागा मिळाली.

गंमत बघा. पिंगळीच्या स्टेशनबाहेर किंवा शाळेच्या मैदानात आपल्याला जागाच जागा दिसते. पण फक्त सेन्सरवर चालणाऱ्या गाडीला तिथं पार्किंग सापडणार नाही! कारण दोन बाजूंना काहीतरी असल्याशिवाय तिच्या लेखी "मधली जागा" तयारच होत नाही. ज्या गाड्यांना चारी बाजूंनी कॅमेरे असतात, त्या जमिनीवरचे पांढरे पट्टे ओळखून जागा ठरवतात. आपल्याकडे पट्टे कुठून येणार? रविवारच्या बाजारात तर नाहीच नाही.

५. मागेच का घेतात?

हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. गाडी सरळ तोंडानं आत का घालत नाहीत?

करून पहा : सायकलची दोन्ही चाकं ओली करा आणि कोरड्या फरशीवर एक वळण घ्या. दोन वेगळ्या रेषा उमटतील. मागचं चाक पुढच्या चाकाच्या आतून जातं. एसटी वळताना तिचं मागचं चाक कोपरा कापतं, ते यामुळेच.

गाडीची फक्त पुढची चाकं वळतात. मागची सरळच राहतात. तोंडानं आत शिरायला गेलो तर मागचा भाग बाजूच्या गाडीला घासेल. म्हणून न वळणारा भाग आधी आत घालायचा आणि वळणारा भाग शेवटी ओढून घ्यायचा.

आता मैदानात एक खुंटी रोवा आणि दोरीनं वर्तुळ काढा. त्याला बाहेरून टेकेल असं दुसरं वर्तुळ काढा. पहिल्या वर्तुळाच्या कडेनं चालत या, दोन्ही वर्तुळं टेकतात तिथं आलात की दुसऱ्याच्या कडेनं चालू लागा. पायाखाली इंग्रजी "एस" अक्षरासारखी वाट तयार होईल. रस्त्याला समांतर गाडी लावताना मागची चाकं अशाच वाटेनं जातात. आधी स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण, आणि वर्तुळं टेकतात त्या बिंदूपाशी उलट बाजूला पूर्ण. चांगला ड्रायव्हर हा बिंदू सवयीनं ओळखतो. गाडी तो आधीच मोजून ठेवते.

६. स्टेअरिंग फिरवतं कोण?

हल्लीच्या गाड्यांत स्टेअरिंग हलकं व्हावं म्हणून आधीच एक विजेची मोटर असते. एरवी ती ड्रायव्हरला मदत करते. पार्किंगच्या वेळी तीच मोटर संगणकाच्या हुकमावर एकटी स्टेअरिंग फिरवते.

पण आखलेल्या वाटेवर चाक तंतोतंत जाईलच असं नाही. खडी असते, उतार असतो, टायरमधली हवा कमी असते. म्हणून गाडी एका सेकंदात अनेक वेळा तपासते : मी कुठे असायला हवी होते, आणि कुठे आहे? फरक पडला की लगेच दुरुस्ती. डोक्यावर भरलेली घागर घेऊन चालणारी बाई पावलापावलाला मान सावरते ना, तसं. एवढ्यासाठीच हे काम माणसाच्या चालीपेक्षाही हळू चालतं.

७. थोडा इतिहास, थोडं आजचं

• अमेरिकेतल्या ब्रूक्स वॉकर यांनी गाडीच्या मागे एक पाचवं, आडवं चाक बसवलं होतं. ते खाली टेकलं की गाडीचा मागचा भाग उचलला जाई आणि बाजूला सरकत जागेत जाई. १९५० च्या दशकात त्यांनी ते करूनही दाखवलं, पण कारखानदारांनी काही ते घेतलं नाही.
• २००३ मध्ये टोयोटानं जपानमध्ये प्रिअस गाडीला स्वतः स्टेअरिंग फिरवणारी पार्किंगची सोय दिली. ब्रेक मात्र ड्रायव्हरच्याच पायाखाली होता.
• पुढच्या टप्प्यात गाडी ब्रेक, गिअर आणि वेगही सांभाळू लागली. त्यानंतर बाहेर उभं राहून चावीनं गाडी लावता येऊ लागली.
• महिंद्रानं नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेवरच्या गाड्यांच्या महागड्या प्रकारांत ही सोय आहे. त्या आपल्या चाकणला तयार होतात. टाटांच्या २०२५ च्या हॅरिअर ईव्हीतही अशी सोय आली. म्हणजे आपल्या गावाकडची जी पोरं चाकणला कामाला आहेत, त्यांच्यातल्या कुणाचा हात अशा गाडीला लागत असेलही.
• जर्मनीत श्टुटगार्ट विमानतळावरच्या एका पार्किंगमध्ये तर ड्रायव्हर उतरून निघून गेला तरी गाडी एकटी जाऊन लागते. तिथं इमारतीतच सेन्सर बसवले आहेत. बॉश आणि मर्सिडीज-बेंझच्या या यंत्रणेला २०२२ च्या नोव्हेंबरात परवानगी मिळाली.

८. आम्ही शाळेत काय करून पाहिलं

एवढं वाचून झाल्यावर वाटलं, मुलांना नुसतं सांगण्यापेक्षा दाखवू. माझे भाऊजी परभणीहून आले होते. त्यांची साधीच गाडी, मागे सेन्सर असलेली. शनिवारी सकाळच्या शाळेत ती मैदानात उभी केली. इंजिन बंद, फक्त चावी चालू, रिव्हर्स गिअर, हँडब्रेक ओढलेला, चारी चाकांना दगड. भाऊजी आत बसलेले. मुलं सगळी बाजूला, खडूच्या रेषेबाहेर. (हा प्रयोग करणार असाल, तर यातली एकही गोष्ट गाळू नका.) बंपरपासून दर पाव मीटरवर खडूनं रेषा मारल्या आणि मी स्वतः लांब काठीनं एकेक वस्तू मागून पुढे सरकवत गेले.

• उभं ठेवलेलं लोखंडी घमेलं : सव्वा मीटरच्या रेषेवरच वाजलं.
• खुर्चीवर टाकलेली जाड गोधडी : बरीच जवळ आल्यावर वाजलं. मऊ कापड आवाज शोषून घेतं.
• बारीक बांबू : अर्ध्या मीटरवर, तेही कधी वाजे, कधी नाही.
• जमिनीवर आडवी वीट : शेवटपर्यंत नाही.

मग मुलांच्या दप्तरांचा ढीग केला, गुडघ्याहून कमी उंचीचा. रांगणाऱ्या बाळाएवढा म्हणा. तो एक मीटरवर ठेवला तर गाडी वाजली. मुलं खूश. पाऊण मीटर, वाजली. अर्धा मीटर, वाजली. आणि अगदी बंपरला भिडवला, तर गाडी गप्प!

मुलं आधी हसली. मग एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आता तर ते जास्त जवळ आहे ना? मग गप्प का झाली?"

तिला अंधारात बॅटरीचा झोत आठवायला सांगितला. कमरेएवढ्या उंचीवर बॅटरी आडवी धरली, तर लांब झोत पसरून जमिनीपर्यंत पोचतो, पण पायाजवळ अंधारच राहतो. सेन्सरचा आवाजही असाच पसरत जातो. लांबचा ढीग त्याच्या झोतात येतो. जवळ आला की ढीग झोताच्या खाली जातो. गाडीला वाटतं, गेला. तो गेलेला नसतो, फक्त तिला ऐकू येईनासा झालेला असतो.

त्या दिवसाचा खरा धडा हा होता. वाजलं म्हणजे काहीतरी आहे, हे खरं. पण गप्प म्हणजे मोकळं, असं मुळीच नाही.

९. गाडीला न कळणाऱ्या गोष्टी

पालकांनो आणि गाडीवाल्यांनो, हे तुमच्यासाठी.

• खड्डा आणि उघडी नाली : सेन्सर समोर आलेली वस्तू सांगतो. जमीनच नसेल, तर परत काय येणार?
• वरून बाहेर आलेल्या गोष्टी : ट्रॉलीतून लोंबणारा ऊस, टेम्पोतल्या सळया. खाली मोकळं, वर धोका.
• चिखल : पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीतून गाडी आली की बंपर लिंपून निघतो. कानात माती गेल्यावर ऐकू कसं येईल? चकत्या ओल्या फडक्यानं पुसत चला. पाण्याचा जोरदार फवारा जवळून मारू नका.
• तारेचं कुंपण, बारीक खुंटी : आवाज परत यायला पुरेसं अंगच नाही.
• तिरपा पत्रा : आवाज आपटतो, पण दुसरीकडेच जातो.
• अचानक पळत आलेलं करडू, चेंडूमागे धावलेलं पोर : कळेपर्यंत उशीर होऊ शकतो.

म्हणून गाडी कितीही हुशार असली, तरी तिच्याबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, की लक्ष ठेवण्याची जबाबदारी ड्रायव्हरची. रिव्हर्स टाकण्याआधी खाली उतरून गाडीमागे एक चक्कर मारा. दहा सेकंद लागतात. अंगणात लहान मूल असेल, तर ते कुणाच्या तरी कडेवर आहे ना, हे डोळ्यांनी बघा आणि मगच चावी फिरवा.

आणि बालमित्रांनो, तुमच्यासाठी तीनच गोष्टी. उभ्या गाडीमागे खेळायचं नाही, लपायचं तर मुळीच नाही. चेंडू गाडीखाली गेला तर मोठ्या माणसाला सांगायचं. मागचा पांढरा दिवा लागला की गाडी मागे येणार आहे, तेव्हा बाजूला व्हायचं. "टूं टूं वाजतंय, म्हणजे गाडीला मी दिसतोय," असं समजायचं नाही. दप्तरांचा ढीग आठवा!

स्वाध्याय

१. आवाज ९ मिलिसेकंदांनी परत आला. वेग सेकंदाला ३४३ मीटर असेल, तर वस्तू किती लांब आहे?
२. तापमान ३० अंश असेल, तर आवाजाचा वेग साधारण किती? (२० अंशांना ३४३ धरा.)
३. एका दात्याला ४ सेंटिमीटर धरून, ६ मीटरच्या जागेत किती दाते मोजले जातील?
४. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून मागे घेताना स्टेअरिंग सुरुवातीला उलट्या बाजूला का फिरवावं लागतं? घरी ट्रॅक्टर चालवणाऱ्या मोठ्या माणसाला विचारा आणि आकृती काढून आणा.
५. आपल्या गल्लीत गाडीच्या सेन्सरला न कळतील अशा पाच गोष्टी शोधा आणि यादी करा.

पाचव्या प्रश्नाला आमच्या वर्गातल्या मुलांनी पाचच्या जागी सतरा गोष्टी आणल्या. त्यात पाण्याच्या नळाची तोटी होती, जमिनीलगत बांधलेली म्हशीची दोरी होती आणि एकीनं लिहिलं होतं, "ओट्यावरून खाली उतरलेला माझा छोटा भाऊ." ती यादी मी वर्गात लावून ठेवली आहे.

तुमच्या वर्गाची यादी जरूर करा.